एकशे एकोणतीस

३ जून

प्रिय मामा,

फोनवर तुझं "काय?" आणि माझं ओरडणं यातच निम्मा वेळ जातो, म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाच, आणि मामीलाही मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे ती उद्या फोन करून मला पुन्हा सगळं विचारणार नाही.

येत्या नोव्हेंबरात टिटवीला पन्नास वर्षं होतात. संघाची चिटणीस मी, म्हणून पुस्तक काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. ही होडी आली कुठून आणि कशी बदलत गेली, एवढंच सांगणारं छोटं पुस्तक. आज नोंदवहीत चारशे बारा टिटव्या आहेत. दोघांनी चालवायची शिडाची होडी, तू उभा केलेला शर्यतीच्या होड्यांचा एक वर्गच, सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळं हरलं तर होडीला दोष देता येत नाही, असं मी नव्या लोकांना सांगते. ते तुझंच वाक्य आहे. पण सुरुवातीच्या वर्षांचं कुणालाच धड काही ठाऊक नाही. मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. आता सांगणारा तूच.

तर लिही. मास्तर तुझ्याकडे कसे आले, नाव कसं पडलं, लाकडाची होडी फायबरची कधी झाली. आणि मुख्य म्हणजे मास्तरांनी काढलेला मूळ नकाशा तुझ्याकडे आहे का? पहिल्या पानावर तोच छापायचाय.

तुझी पहिली होडी, एक नंबर, अजून शेडमध्ये उपडी आहे ना? नोव्हेंबरच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं सोडायची असं मनात आहे. सुकाणूवर मी.

तुझी टाचणी

९ जून

चि. टाचणीस आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाकिटाचा एक कोपरा फाटला होता. आत एकच कागद होता ना, की आणखी काही होतं, ते कळव, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

तू लिहितेस की टिटवी हा शर्यतीच्या होड्यांचा एक वर्ग आहे. वर्ग म्हटलं की मी अजून आधी दार कुठं आहे ते बघतो. चौथीच्या वर्गातून मी जो उठलो तो पुन्हा बसलो नाही, आणि आता तू म्हणतेस की मी एक वर्ग उभा केला. हे वाचून दाखवलं तेव्हा मामी इतकी हसली की चहा ओटीत सांडला.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. तलावावर तेव्हा फक्त मोठ्या लोकांच्या जड होड्या असायच्या, पाण्यात ढकलायला सहा माणसं लागायची. मास्तरांना हवी होती दोघांना उचलता येईल अशी, शिकायला सोपी, चुकलं तरी माफ करणारी. मी त्या वेळी दारं-खिडक्या करायचो आणि मासेमारांच्या होड्यांची डागडुजी. एका सकाळी ते सायकलवरून आले. नकाशा छत्रीच्या खोळीत गुंडाळून आणला होता. प्लायवुडची होडी होईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होईल, पण बुडाली तर माझं नाव सांगू नका.

सात आठवडे लागले. पाण्यात सोडली त्या दिवशी वारा बेताचा होता. मास्तर सुकाणूवर, पुढं मी, आणि मला पोहता येत नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पंपघराच्या पलीकडं गेलो आणि मागून जोराची झुळूक आली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलली गेली आणि होडी पाणी कापायची सोडून पाण्यावरून घसरायला लागली. तुम्ही सगळे आता त्याला होडी उठली म्हणता, तो शब्द मास्तरांचा. तळाखाली पाणी तडतड तडतड वाजत होतं, अगदी टिटवी ओरडत उडाल्यासारखं. नाव तिथंच पडलं. तलावावरच्या कुठल्याच होडीनं आधी असं केलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहेच. आधी सुती शिडं, भिजली की गादीसारखी जड. नवव्या वर्षी टेरिलिनची आली. चौदाव्या वर्षी अॅल्युमिनियमची डोलकाठी आली, ती ठणठण वाजते, मला आवडत नाही पण मोडत नाही हे खरं. मग ती तार आली, जिला लटकून जोडीदार होडीबाहेर झुकतो. तारेवर पहिली लटकलीस ती तू, वजन काही नाही, उशीला टोचलेल्या टाचणीसारखी, म्हणून हे नाव. चौसष्ट नंबरपर्यंत सगळ्या माझ्या हातच्या. नंतर फायबर. पण फायबरचा पहिला साचा माझ्या एकोणिसाव्या होडीवरून काढलाय, हे छाप.

नकाशा नाही. तो पाण्यात पडून लगदा झाला.

आणखी एक. छापायचं की नाही ते तू ठरव. पहिल्या होडीनंतर मास्तर मला प्रत्येक माप चिठ्ठीवर अक्षरात लिहून द्यायचे. डोलकाठी पाच मीटर ऐंशी, हेसुद्धा 'पाच मीटर ऐंशी' असं शब्दांत. चौथीतल्या माणसाला आकडे कळत नाहीत असा टोमणा होता तो. माणूस मोठा, पण ते मला लागलं. पन्नास वर्षं लागतंय.

उत्तर लवकर पाठव.

तुझा मामा

२१ जून

प्रिय मामा,

पाकिटात एकच कागद होता. आता शांत हो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि कार्यालयातही वाचून दाखवलं. तडतड आवाजाचं सगळ्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. तो आवाज आम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण नाव त्यावरून पडलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता जरा नको असलेली बातमी. मास्तरीणबाईंनी माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा आमच्याकडे पाठवला. त्यात मूळ नकाशाची मास्तरांनी स्वतः ठेवलेली नक्कल निघाली. मी आनंदानं उडीच मारली. पण त्या दिवशी आपला फायबरवाला तिथं होता, ज्याच्या कारखान्यात आता निम्म्या टिटव्या होतात. त्यानं पट्टी लावून सगळे आकडे नियमांशी ताडून पाहिले. सगळे जुळले. मागच्या फळीचा मात्र नाही. नकाशात तिची रुंदी आहे १२१ सेंटिमीटर. नियमांच्या पुस्तकात आहे १२९, आणि चारशे बारा होड्या १२९ च्याच आहेत.

त्याचं म्हणणं असं की, नियम टाइप करताना कुणीतरी एकाचा नऊ वाचला आणि ती चूक पन्नास वर्षं चालत आली. खरी टिटवी नकाशातली. म्हणून यापुढचे साचे १२१ चे करावेत, आणि आताच्या होड्यांनी 'जुना गट' म्हणून वेगळं पळावं. अठरा ऑगस्टच्या सभेत यावर मतदान आहे. ठराव झाला तर नोव्हेंबरला तुझी एक नंबर मुख्य शर्यतीत उतरू शकणार नाही. माझी सतरा नंबरही नाही.

पहिली होडी तर नियम टाइप व्हायच्या आधीची, आणि तीही १२९. म्हणजे टायपिस्टचा दोष नाही. मग मास्तरांनी बांधतानाच माप बदललं होतं का? तुला आठवत असेल तर लिही. सगळं आता तुझ्या उत्तरावर आहे.

टाचणी

२५ जून

चि. टाचणीस,

हो. मास्तरांनीच बदललं. फळी कापायच्या आधी ते शेडमध्ये आले होते, हातात पिशवी होती, पिशवीत दुधी होता. मला म्हणाले, मिस्त्री, मागं जरा रुंद घ्या, एकशे एकोणतीस घ्या. मी घेतलं. तोंडी सांगितलं, त्यामुळं कागद नाही.

एवढंच. आता हा विषय पुन्हा काढू नको. माझी तब्येत बरी नाही.

मामा

२ जुलै

प्रिय मामा,

तू आम्हा सगळ्यांना वाचवलंस. दुधीपर्यंत सगळं लक्षात आहे तुझ्या, मला तर काल काय खाल्लं ते आठवत नाही. तुझं सांगणं जसंच्या तसं पुस्तकात घातलंय आणि सभेत ते मीच वाचणार आहे. फायबरवाला म्हणतो, तोंडी गोष्टीला पुरावा काय? मी त्याला सांगितलं, माझा मामा खोटं बोलत नाही, आणि त्यानं मान खाली घातली. सोबत कागद पाठवतेय, खाली सही करून परत पाठव.

मामी म्हणते तू जेवत नाहीस आणि दिवसभर शेडमध्ये एक नंबरच्या शेजारी स्टुलावर बसतोस. मास्तरांची आठवण येते ना? मलाही येते. पुस्तक हातात पडलं की तुला बरं वाटेल.

टाचणी

११ जुलै

चि. टाचणी,

सहीचा कागद कोराच परत पाठवतोय. हे पत्र वाचून फाड. नको, फाडू नको, आधी पूर्ण वाच.

मास्तर आले होते, दुधीही होता. पण फळीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दुधी चांगला मिळाला एवढंच म्हणाले.

आकडा मी चुकीचा वाचला. घडी घालून, मग छत्रीच्या खोळीत गुंडाळून तो नकाशा आणला होता, आणि एक घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती. मास्तरांचा एक तसाही डोक्याशी मोठा वळायचा, त्याला घडीच्या रेघेची शेपटी फुटली आणि मला तो नऊ दिसला. शिकलेला माणूस थांबला असता, पुढच्या मापाशी ताडून पाहिलं असतं. मी सरळ कापली. बाजूच्या फळ्या वळवताना मला वाटलं होतं की मागं वळण कमी आहे, त्या फार खुशीत बसताहेत. पण लाकूड खूश आहे तर आपण कशाला नाराज व्हायचं, असं म्हणून मी पुढं गेलो.

दुसरी होडी पाण्यात गेल्यावर कळलं. डोलकाठीची जागा बघायला नकाशा खिडकीशी धरला, मागून उजेड आला, आणि शाई वेगळी आणि घडी वेगळी दिसली.  तोवर पहिल्या होडीनं तलावावरच्या सगळ्या जड होड्यांना मागं टाकलं होतं. लोक मास्तरांचं नाव घेत होते, भूमितीची कमाल म्हणत होते. त्यांना जाऊन मी काय सांगणार, की तुमची भूमिती मी बिघडवली? पट्ट्या वाफवायच्या शेगडीत मी नकाशा घातला. मास्तरांना सांगितलं पाण्यात पडला. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊ द्या, मिस्त्री. होडी आहे ना, तोच आता नकाशा."

त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला, तो असा. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर प्रत्येक माप अक्षरात असायचं, पण मागच्या फळीपुढं दर वेळी एवढंच, 'आहे तशीच'. त्यांना वाटायचं आहे तशी म्हणजे त्यांनी काढली तशी. ते दोन शब्द वाचले की मी चिठ्ठी पालथी घालायचो. त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या नऊ उरल्यात, सोबत पाठवतोय. संघाला दाखव.

होडी उठते ती त्या रुंद फळीमुळं. नावही त्यामुळंच पडलं. म्हणजे अख्खा वर्ग एका नापासाच्या चुकीवर उभा आहे. फायबरवाल्याचं बरोबर आहे, फक्त टायपिस्टच्या जागी मी.

तू माझ्या नावानं त्याला मान खाली घालायला लावलीस, हे मला सहन झालं नाही. मामीला अजून सांगितलेलं नाही.

मामा

३० जुलै

चि. टाचणी,

एकोणीस दिवस झाले. पत्र पोचलं की नाही? पोस्टमनला तीनदा विचारलं, आता तो मला बघून रस्ता बदलतो. चिठ्ठ्या गहाळ झाल्या नाहीत ना? रागावली असशील तर तसं लिही. फोन करू नकोस, फोनवर मला रागावलेलंही ऐकू येत नाही.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं काहीतरी आहे, पण मला वाटत होतं दुसरी बाई. आणि कणीक मळायला लागली.

एक नंबरचं रंगकाम करतोय. शर्यतीत उतरली नाही तरी नीटनेटकी असावी.

मामा

६ ऑगस्ट

प्रिय मामा,

रागावले होते. खोटं बोललास म्हणून नाही. खोटं बोलून स्वतःला उपाशी ठेवलंस आणि मी मूर्खासारखी दुधीचं कौतुक करत बसले, म्हणून. तो राग दोन दिवस टिकला. उरलेले दिवस मी मास्तरीणबाईंच्या माळ्यावर होते.

तुझ्या त्या नऊ चिठ्ठ्या मी टेबलावर ओळीनं मांडल्या. नऊच्या नऊ ठिकाणी 'आहे तशीच'. भूमितीचा मास्तर, जो डोलकाठीचा सेंटिमीटरही सोडत नाही, तो एका मापापुढं दर वेळी 'आहे तशीच' लिहितो? मला ते पटेना. हा माणूस काहीतरी टाळतोय असं वाटलं. म्हणून बाईंकडे गेले आणि मास्तरांच्या वह्या मागितल्या. त्या म्हणाल्या, पाहिजे तेवढ्या घे, पण झाडून घे, मला शिंका येतात. एकशे सहा वह्या निघाल्या. बहुतेक भूमितीच्या. होड्यांची वही सव्विसावी होती.

पहिल्या होडीच्या दिवसाचं पान उतरवून देते. मूळ माझ्याकडे आहे, कपाटात कुलपात, काळजी करू नको.

'आज होडी पाण्यात. ती उठली. कारण शोधण्यासाठी किनाऱ्यावर सर्व मापं पुन्हा घेतली. मागची फळी एकशे एकोणतीस. मिस्त्रींनी माझा एक नऊ वाचला. माझ्या आकड्यानं ती उठली नसती, हिशेब दोनदा करून पाहिला. मिस्त्रींना सांगू नये. कळलं तर ते दुरुस्त करतील.'

आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, दुसऱ्या दिवशीचं.

'यापुढं सर्व मापं अक्षरी द्यावीत. माझे आकडे फार वाईट आहेत. मिस्त्रींचा काही दोष नाही.'

मामा, तो टोमणा नव्हता. ते स्वतःच्या अक्षराबद्दल बोलत होते. आणि तू नकाशा बुडाला म्हणालास तेव्हा ते तुझ्याकडे का बघत राहिले, ते आता मला कळतंय. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल.

त्याच वहीत पुढं नियमांचा पहिला मसुदा त्यांच्याच हातचा आहे. फळीपुढं लिहिलंय, एकशे एकोणतीस सेंटिमीटर, शब्दांत, खाली दुहेरी रेघ.

सभेत मला हे वाचायचंय. पण त्यासाठी तुझं खरं पत्रही वाचावं लागेल. तू नको म्हणालास तर वाचणार नाही, मग ठरावाचं काय व्हायचं ते होवो.

टाचणी

१० ऑगस्ट

चि. टाचणी,

पत्र शेडमध्ये वाचलं.  मामी जेवायला बोलवायला आली तेव्हा तिला दिलं, तिनं तिथंच रंधा बाजूला सारून बैठकीवर बसून वाचलं.

त्यांचं बरोबर होतं. मी दुरुस्त केली असती. त्याच दिवशी फळी काढून एकशे एकवीसची बसवली असती, माफी मागितली असती, आणि टिटवी झालीच नसती. त्यांनी मला पुरतं ओळखलं होतं. मी मात्र त्यांना पन्नास वर्षं चुकीचं वाचलं, आणि तिथं कुठली घडीही नव्हती.

आम्ही दोघं रोज भेटायचो. चहा प्यायचो. तेही गप्प, मीही गप्प. दोघांना एकच भीती, की दुसऱ्याला कळलं तर होडी जाईल.

सगळं वाच. चौथीचंही वाच. शेगडीचं वाच. दुधीचं नको, ते हसतील. नाहीतर तेही वाच.

माझे कान गेलेत, मी सभेला येऊन काही उपयोग नाही. पण तुझं पत्र येईपर्यंत मला पाणीसुद्धा गोड लागायचं नाही, एवढं लक्षात ठेव.

मामा

१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

आधी पाणी पी. ठराव बारगळला.

आता सविस्तर. फायबरवाला वाटतो तितका वाईट माणूस नाही. त्यानं नकाशाप्रमाणं १२१ ची एक होडी खरोखरच बांधली होती, आणि सभेच्या दिवशी सकाळी गाडीवर टाकून तलावावर आणली. नवी कोरी, पांढरीशुभ्र. म्हणाला, पाण्यावरच बघू. मी सतरा नंबर काढली. वारा तुमच्या पहिल्या दिवसापेक्षा बरा असावा. पंपघरापर्यंत तो माझ्या पुढं होता, तुझ्या वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी जड झालेल्या माझ्या होडीच्या तो पुढं असणारच. मग झुळूक आली. माझी नाळ उचलली आणि तडतड सुरू झाली. त्याची होडी पाण्यात तशीच बसून राहिली, पुढून नुसती लाट ढकलत. तीनदा प्रयत्न केला त्यानं, तीनही वेळा तेच.

किनाऱ्यावर आला तो थेट माझ्या होडीकडे. खिशातून टेप काढून मागची फळी मोजली, दोनदा. 

सभेत मी आधी तुझं पत्र वाचलं. चौथीचं आलं तेव्हा कुणी हसलं नाही. दुधीला हसले, खूप. मग मास्तरांची वही वाचली. 'कळलं तर ते दुरुस्त करतील' इथं सगळी खोली हसली, आणि तेवढ्यात मागच्या रांगेत मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "यांना फळ्यावर लिहिलेला स्वतःचा आकडा स्वतःलाच वाचता यायचा नाही. मुलं सांगायची, तेव्हा कळायचं."

फायबरवाल्यानं स्वतःच ठराव मागं घेतला. मग त्यानंच नवा मांडला, एकमतानं मंजूर झाला. नियमात फळीचं माप यापुढं फक्त अक्षरी लिहायचं. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर नकाशाऐवजी तुझ्या चिठ्ठीचं चित्र, 'मागची फळी: आहे तशीच'.

एक नंबर मुख्य शर्यतीत उतरणार. तिच्यासाठी एक पितळी पट्टी करायला टाकलीय, मजकूर मी लिहून दिलाय. शर्यतीनंतर तुला घरी मिळेल, मागच्या फळीवर तुझ्या हातानं बसव.

तुझी टाचणी

२३ नोव्हेंबर

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे गेल्यावर घर रिकामं वाटतं. मामी म्हणते कानाला लागलेला गलका उतरायला आठ दिवस लागतील. तू तुझा मफलर इथंच विसरलीस, धुऊन ठेवलाय.

तू पाण्यावर होतीस, म्हणून तुला माहीत नसेल ते लिहितो. मला किनाऱ्यावर खुर्ची दिली होती, पण मी उभाच राहिलो. डाव्या बाजूला मास्तरीणबाई, उजव्या बाजूला फायबरवाला, त्यानं माझी छत्री धरली होती. तू एक नंबर घेऊन पुढं आलीस, मागं बहात्तर शिडं. मोजली मी, दोनदा. पंपघरापाशी झुळूक आली आणि ती उठली. तू नेहमी म्हणतेस की मला काही ऐकू येत नाही. ते ऐकू आलं. तडतड तडतड, पन्नास वर्षांपूर्वीसारखं. मी बाईंना म्हटलं, ऐकताय ना? त्या म्हणाल्या, अहो मिस्त्री, ओरडू नका, मला चांगलं ऐकू येतं.

नंतर लोक येऊन होडीच्या मागच्या फळीवर हात ठेवून जात होते. कुणी नमस्कार केला तर मी मागं सरकायचो, सवय नाही. पण फळीवर हात ठेवत होते तेव्हा मागं सरकलो नाही. ती मी कापली.

काल पितळी पट्टी आली. छान जाड आहे, कडा घासलेल्या. चष्मा लावून वाचली, मग खिडकीशी नेऊन वाचली, मग मामीला वाचायला दिली, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. तिनंही तेच वाचलं. पट्टीवर कोरलंय: 'टिटवी क्रमांक १. मागची फळी १२१ सेंमी. पुढील सर्व होड्यांचं माप या फळीवरून.'

म्हणजे कोरणाऱ्यानं तुझा नऊ एक वाचला. तुझा नऊ मी पाहिलाय, त्याला शेपटी कधीच नसते. मास्तर सांगून गेले होते अक्षरात लिहा, तुम्ही शिकलेली माणसं ऐकत नाही.

सकाळभर मला घोर लागला होता. परत पाठवावी, की तुला कळवावं, की घासून काढावी. मग मी शेडमध्ये गेलो आणि ती होडीवर धरून पाहिली. पट्टीवर मास्तरांचा आकडा, खाली माझी फळी. दोघंही एका जागी, आणि दोघांचंही बरोबर.

चार पितळी स्क्रू मारून बसवली. सरळ बसलीय.

त्या कोरणाऱ्याला काही सांगू नकोस. कळलं तर तो दुरुस्त करेल.

तुझा मामा